दोन पातळ हात

दिवाळीतला किल्ला आठवतोय ना? मातीचे बुरूज, उतारावर उगवलेले अळीव आणि बाजारातून आणलेले मावळे. एकाची तलवार मोडलेली, दुसऱ्याच्या मिशीचा काळा रंग थेट कानापर्यंत पोचलेला. तुमच्यापैकी काहींनी घरचे रंग काढून ती मिशी नीट केलीही असेल. मग दहावी आली. ब्रश माळ्यावर गेले, एलिमेंटरी-इंटरमिजिएटची सर्टिफिकेटं फायलीत गेली आणि 'आपला नाही बुवा हात वळत' हे वाक्य तोंडात बसलं.

त्याच हाताला आज पुन्हा कामाला लावूया. विषय आहे मिनिएचर्स रंगवण्याचा. मुघल-राजस्थानी लघुचित्रं नव्हेत. टेबलावरच्या खेळांमधल्या चिमुकल्या मूर्ती. योद्धे, चेटकिणी, ड्रॅगन, रोबो. माणसाची मूर्ती साधारण २८ ते ३२ मिलिमीटर उंच, म्हणजे बोटाच्या एका पेरापेक्षा जेमतेम मोठी.

'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या पहिल्याच भागात तळघरातली ती चार पोरं खेळतात, तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत आला. ब्रिटनच्या 'गेम्स वर्कशॉप'ने १९८३ मध्ये 'वॉरहॅमर' आणला आणि आपापली फौज स्वतः रंगवून मैदानात उतरवायची, ही त्या खेळाची रीतच झाली. त्याच्याही आधी, १९१३ मध्ये, विज्ञानकथांसाठी ओळखले जाणारे एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम 'लिटिल वॉर्स' या पुस्तकात लिहून ठेवले होते. थोडक्यात, मोठ्या माणसांनी छोटे सैनिक घेऊन बसणं यात लाजण्यासारखं काही नाही.

खरेदी आवरा

सुरुवातीलाच पन्नास रंगांचा सेट मागवू नका. काळा, पांढरा, लाल, पिवळा, निळा, तपकिरी आणि चिलखतासाठी एक चंदेरी. सात रंग पुरे. रंग ॲक्रिलिकच घ्या. पोस्टर कलर वाळल्यावरही पाण्याने सुटतो आणि वरचा दुसरा थर खालच्याला घेऊन वाहतो. मिनिएचरसाठीचे खास रंग बारीक दळलेले असतात, पातळ केले तरी चांगले झाकतात. पण शिकण्यासाठी स्टेशनरीच्या दुकानातल्या ॲक्रिलिकच्या ट्यूबही चालतात.

ब्रशच्या बाबतीत बहुतेक जण फसतात. मूर्ती छोटी, म्हणून सगळ्यात बारीक तीन शून्यवाला ब्रश उचलतात. त्यात रंग जेमतेम मावतो आणि मूर्तीपर्यंत पोचेतो टोकावर वाळतो. त्यापेक्षा एक किंवा दोन नंबरचा गोल ब्रश घ्या. फक्त त्याला टोक नीट येतंय का ते बघा. रंग ब्रशच्या पत्र्याच्या पट्टीपर्यंत चढू देऊ नका, नाहीतर केस फाकतात. आणि टोक काढायला ब्रश तोंडात घालायची सवय लावून घेऊ नका. त्यासाठी ओला टिश्यू आहे.

मूर्ती कुठली? घरच्या बोर्ड गेममधली एखादी चालेल. कुणा मित्राकडे थ्रीडी प्रिंटर असेल तर फारच छान. मात्र रेझिनची प्रिंट असेल तर ती धुऊन, यूव्ही प्रकाशात पूर्ण कडक केलेलीच हातात घ्या आणि घासताना मास्क लावा. कच्चं रेझिन त्वचेला त्रास देतं.

रंगाआधीचं काम

मूर्ती भांड्यांच्या साबणाने धुवा. साच्यातून सुटावी म्हणून लावलेला तेलकटपणा राहिला, तर रंग धरत नाही. साच्याच्या दोन भागांच्या सांध्यावर एक बारीक रेघ उमटलेली असते, ती नखांच्या कानशीने हलकेच घासा. मग मूर्ती औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणावर दुहेरी टेपने चिकटवा. यापुढे हात बाटलीला, मूर्तीला नाही.

आता प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा अस्तर. स्प्रे मारणार असाल तर गच्चीवर, मास्क लावून आणि लांबून हलके फवारे मारत. पावसाळ्यात मात्र स्प्रेचा हट्ट सोडा. दमट हवेत थर खरखरीत किंवा धुरकट होतो. मऊ, वाकणाऱ्या प्लॅस्टिकवर तर काही स्प्रे दिवसेंदिवस चिकट राहतात. अशा वेळी ब्रशने लावायचा प्रायमर बरा.

ताकाइतका पातळ

आता या छंदातला सगळ्यात मोठा धडा. ट्यूबमधला रंग श्रीखंडासारखा असतो. तो ताकाइतका पातळ करायचा. पाणी थेंबाथेंबाने घाला. घट्ट रंगाने चेहऱ्याचे डोळे, नाक, ओठ सगळं बुजून जातं आणि योद्ध्याच्या जागी वितळलेली मेणबत्ती उभी राहते.

पातळ रंगाचा पहिला हात मारलात की काय दिसेल सांगू? घाण. पट्टे पडलेले, खालचा प्रायमर डोकावतोय, लाल रंग गुलाबी वाटतोय. नेमके इथेच लोक दोन चुका करतात. एक तर घाबरून वर घट्ट रंग थापतात, नाहीतर 'सांगितलं होतं ना, आपल्याला जमत नाही' म्हणून मूर्ती ड्रॉवरमध्ये टाकतात. तुम्ही यातलं काहीच करू नका. दहा-पंधरा मिनिटं थांबा. पूर्ण वाळू द्या. मग तसाच पातळ दुसरा हात मारा. रंग भरून येतो. पिवळा आणि पांढरा जरा हट्टी आहेत, त्यांना तिसरा हात लागेल.

या कामात हात वळण्यापेक्षा हात थांबवणं जास्त वेळा लागतं. एखादी गोष्ट अर्धी झालेली असताना वाईट दिसते, म्हणून ती वाईट आहे असं नसतं. सबमिशन, गिटार, पोहणं, कशालाही लावून बघा. फरक एवढाच की इथे त्याचा पुरावा पंधरा मिनिटांत मिळतो.

जादूचे दोन प्रयोग

मूळ रंग बसले की मूर्ती सपाट, खेळण्यासारखी दिसेल. आता तपकिरीत थोडा काळा मिसळा आणि भरपूर पाणी घालून चहाच्या पाण्यासारखं करा. याला वॉश म्हणतात. तो मूर्तीवर फिरवला की कपड्यांच्या चुण्यांत, चिलखताच्या फटींत जाऊन बसतो आणि आपोआप सावल्या पडतात. कुठे डबकं साचलं तर कोरड्या ब्रशने टिपून घ्या.

वॉश वाळला की ड्रायब्रश. यासाठी जुना, फिसकटलेला ब्रशच हवा. फिकट रंगात बुडवून तो टिश्यूवर इतका पुसा की रंग संपला असं वाटावं. मग उंचवट्यांवरून भराभर फिरवा. केसांच्या बटा, फर, साखळ्यांच्या कड्या उजळून वर येतात. चित्रकलेत कितीही कच्चे असलात तरी या दोन गोष्टी जमतात, कारण निम्मं काम मूर्तीचे उंच-सखल भागच करतात. डोळ्यांतल्या बाहुल्या मात्र पहिल्या मूर्तीत सोडून द्या. सावलीतले डोळे चालतात. चकणे डोळे लगेच दिसतात.

चूक झाली तर? वाळू द्या आणि वरून मूळ रंग मारा. ॲक्रिलिक फार क्षमाशील आहे.

शेवटी पायाखालची जमीन. चकतीवर फेव्हिकॉल लावून धुतलेली बारीक वाळू भुरभुरवा. पूर्ण वाळवलेली चहाची पत्ती टाकलीत तर जंगलातला पाचोळा तयार. वरून मॅट वार्निशचा पातळ हात, म्हणजे खेळताना रंग उडणार नाही.

पहिली मूर्ती जपून ठेवा

या छंदात एक धोका आहे. मूर्ती घेणं सोपं, रंगवणं वेळखाऊ. त्यामुळे जगभरच्या खेळाडूंच्या घरी न रंगवलेल्या करड्या मूर्तींचा ढीग असतो, आणि तेच त्याला 'लाजेचा ढीग' म्हणतात. म्हणून एक नियम करा. हातातली मूर्ती संपल्याशिवाय नवी घ्यायची नाही. आवडली नाही तरी संपवायची.

माझ्या टेबलावर माझा पहिला बुटका योद्धा अजून उभा आहे. दाढी नारिंगी, तीही घट्ट रंगाने बुजलेली, आणि नाक कुठे आहे ते मलाच शोधावं लागतं. त्याच्या शेजारी दहावा आहे. दोघांच्या मध्ये क्लास नाही की महागडा सेट नाही. फक्त आठ मूर्ती आहेत. तो पहिला मी फेकून दिला असता, तर दहाव्यात काय बदललं हे मला कधी कळलंच नसतं.

तुमच्या पहिल्या मूर्तीच्या तळाशी आजची तारीख लिहा. मग माळ्यावरून तो ब्रशांचा डबा खाली काढा.