शिळाछाप चित्रावरील स्वाक्षरी

शिळाछाप चित्राखाली चित्रकाराची स्वाक्षरी दिसली, की ते त्याच्या हातचे, असा समज रूढ आहे. अभ्यासकाने तो तपासून घेतला पाहिजे.

झेनेफेल्डर याने १७९६ च्या सुमारास शोधलेले हे तंत्र तेल व पाणी यांच्या विरोधावर आधारलेले आहे. चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने रेखाटन करून ती ओली केली असता शाई केवळ रेखाटनास धरते. शिळेवरच उलटी काढलेली स्वाक्षरी प्रत्येक प्रतीवर आपोआप उमटते. याउलट, छपाईनंतर समासात पेन्सिलीने केलेली स्वाक्षरी ती विशिष्ट प्रत चित्रकाराने पाहून मान्य केल्याचे दर्शविते. पिकासोसारख्या आधुनिक युरोपीय चित्रकारांच्या मर्यादित प्रतींचे मोल या दुसऱ्या स्वाक्षरीवर अवलंबून असते. राजा रविवर्मा यांच्या १८९४ साली स्थापन झालेल्या छापखान्यात मूळ तैलचित्र त्यांचे असले, तरी ते शिळेवर उतरविण्याचे काम कारागिरांचे होते. तेथील छापील नाव मूळ कल्पनेचा निर्देश करते, छापणाऱ्या हाताचा नव्हे.

परंतु चित्र भिंतीसाठीच असेल तर? कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. मिस्त्री घराण्यातील या स्वयंशिक्षित कलावंताने आनंदराव यांच्यासह नाटकांचे पडदे रंगविले. आनंदरावांच्या मृत्यूनंतर त्यांनी दामले यांच्या साहाय्याने कॅमेरा सिद्ध केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' प्रदर्शित केला. पुढे 'सावकारी पाश' (१९२५) दिग्दर्शित केला. मूर्तिकलाही त्यांनी सोडली नाही. 'कल्याण खजिना' (१९२४) या चित्रपटाचे त्यांचे भित्तिपत्रक आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांत सर्वांत जुने मानले जाते.

अशा भित्तिपत्रकास क्रमांक नसतो, समासातील स्वाक्षरी नसते. संग्राहकाच्या कसोटीने ते गौण ठरेल. तथापि कंपनीचे बहुतेक मूकपट नष्ट झाले असून त्यांच्या वेशभूषेचा व दृश्यरचनेचा दुर्मीळ पुरावा म्हणून असे कागद महत्त्वाचे ठरतात. तेव्हा स्वाक्षरी नाही म्हणून तो कागद टाकून देणे म्हणजे साधनच गमावणे होय. पडदा, भित्तिपत्रक, चित्रपट व मूर्ती ही कामे शेजारी ठेवून पाहिली, तरच कलावंताचा हात ओळखता येतो. स्वाक्षरी ही या शोधाची सुरुवात असू शकते. तिला निष्कर्ष मानू नये.