गाडग्यावरून पडलेले नाव

अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेले आणि अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे मामांकडे वाढलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर यांना लोक गाडगेबाबा म्हणू लागले, ते हातातील फुटक्या मातीच्या भांड्यामुळे. चिंध्यांच्या वस्त्रामुळे काही भागांत ते गोधडेबुवाही झाले. लोकांनी दिलेल्या नावाचे दुसरे उदाहरण ‘चे’ गेव्हारांचे: अर्जेंटिनातील स्पॅनिश बोलीत समोरच्याचे लक्ष वेधणारा ‘चे’ हा उद्गार क्रांतिकारक अर्नेस्तो गेव्हारा सतत वापरत, म्हणून क्यूबन सहकाऱ्यांनी तो त्यांनाच चिकटवला. त्या नावात सलगीच राहिली. वऱ्हाडात मात्र ‘बाबा’, ‘बुवा’ ही आदरवाचके जोडली गेल्याने दारिद्र्याची खूणही मानाची ठरली, इतकी की १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला पुढे जानोरकर हे आडनाव नव्हे, तर गाडगेबाबा हेच नाव देण्यात आले.