फिश टँकची जुनी पट्टी फेकू नका, आतला चोक फेका

घरात आठ-दहा वर्षं जुना फिश टँक असेल तर त्याचं झाकण उचलून आत बघा. बहुतेक ठिकाणी दोन फुटी ट्यूब, एका कोपऱ्यात जड चोक आणि पांढरा स्टार्टर दिसेल. नगरला (कागदावर आता अहिल्यानगर) आमच्या घरच्या टँकवर अशीच पट्टी होती. ट्यूबची टोकं काळी, होल्डरच्या पिनांवर हिरवट-पांढरे क्षार. दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "आता ही ट्यूब कोण वापरतं? नवीन झाकणच घ्या." पण बाहेरचं झाकण ठणठणीत असतं. टँकच्या मापाचं बसलेलं असतं, आणि जुन्या टँकला अगदी तसंच माप पुन्हा मिळेल याची खात्री नसते. जुनं झालेलं असतं ते फक्त आतलं सामान.

एक गोष्ट आधीच सांगतो. फक्त वीजबिलासाठी हा उद्योग करू नका. 18 वॅटची ट्यूब आणि चोकमध्ये उष्णता होऊन जाणारे साधारण 10 वॅट, असे मिळून 28 वॅट. रोज 8 तास धरले तर महिन्याला पावणेसात युनिट. एलईडीवर तेच अडीच युनिटच्या आत येतं. महिन्याला चार युनिट वाचले, म्हणजे मित्रांसोबत एकदा चहा झाला. करायचं कारण वेगळं आहे. या पट्टीत 230 व्होल्ट थेट पाण्याच्या वर लटकत असतात, वाफ रोज त्या होल्डरवर बसते, आणि घरातलं एखादं पोर खुर्चीवर चढून माशांना खाणं टाकत असतं. दुसरं कारण म्हणजे ट्यूब पुढे मिळणारच नाहीत. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या मिनामाटा करारात 2023 साली देशांनी ठरवलं की ट्यूबलाइटचं उत्पादन आणि आयात-निर्यात 2027 पर्यंत टप्प्याटप्प्याने थांबवायची. भारत त्या करारात आहे.

एलईडी ट्यूब का नको?

रील्समध्ये सगळ्यात सोपा उपाय दाखवतात: जुनी ट्यूब काढा, त्याच मापाची एलईडी ट्यूब घाला, झालं. दिवाणखान्याच्या भिंतीवर ठीक आहे. टँकवर मला ते पटत नाही. प्रकाश बदलला, पण 230 व्होल्ट आणि गंजलेले होल्डर जिथल्या तिथेच राहिले. शिवाय काही एलईडी ट्यूबना फेज एका टोकाला आणि न्यूट्रल दुसऱ्या टोकाला द्यावा लागतो. अशी ट्यूब बटण चालू असताना एका बाजूने होल्डरमध्ये बसवली आणि दुसरं टोक ओल्या हातात असेल, तर त्या मोकळ्या पिनवर करंट असू शकतो.

म्हणून मी 12 व्होल्टच्या एलईडी स्ट्रिपच्या बाजूने आहे. 230 व्होल्ट भिंतीवरच्या अडॅप्टरपाशी थांबतात, पाण्याच्या वर येतात ते फक्त 12.

आतलं सामान कशासाठी होतं?

ट्यूबमधला वायू एकदा पेटला की त्याचा रोध घटत जातो. मोकळं सोडलं तर करंट वाढत वाढत ट्यूब जळून जाईल. चोक त्याला आवर घालतो आणि स्टार्टर सुरुवातीचा झटका देतो. एलईडीला यातलं काहीच लागत नाही, पण करंटला आवर मात्र तिथेही लागतो. पांढऱ्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट पुरतात. त्याच्या थोडं वर गेलात की करंट एकदम उसळतो. स्ट्रिपमध्ये यावर सोपी युक्ती असते. तीन एलईडी एकामागोमाग जोडलेले, म्हणजे 9 व्होल्ट झाले, आणि उरलेले 3 व्होल्ट एक बारीक रेझिस्टर खातो. 12 व्होल्टची स्ट्रिप दर तीन एलईडीनंतरच्या खुणेवरच का कापायची, ते यामुळे कळतं. मधेच कात्री चालवली तर तो तुकडा पेटत नाही.

(हे पांढरे एलईडी मुळात निळे असतात. निळ्या चिपवर पिवळा थर दिला की डोळ्याला पांढरं दिसतं. निळा एलईडी बनवणं इतकं अवघड होतं की त्यासाठी इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.)

कामाला हात

प्लग काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लगच काढा, हीटर आणि फिल्टरचासुद्धा. झाकण टँकवरून उतरवून दुसऱ्या खोलीत न्या. खोलायच्या आधी मोबाइलवर वायरिंगचे दोन-तीन फोटो काढून ठेवा. मग चोक, स्टार्टर, होल्डर आणि जुनी वायर सगळं बाहेर. 230 ची जुनी वायर "राहू दे, पुढेमागे कामाला येईल" म्हणून आत ठेवू नका.

झाकणाच्या आतून अ‍ॅल्युमिनियमची एक पट्टी स्क्रूने बसवा आणि स्ट्रिप तिच्यावर चिकटवा. प्लास्टिकवर थेट नको. एलईडी कमी तापतो, पण तापतो. ती उष्णता बाहेर गेली नाही तर त्याचं आयुष्य घटतं. नगरच्या मे महिन्यात खोलीच गरम असते, तिथे बंद झाकणाखाली हे आणखी जाणवतं. शिवाय वाफेने स्ट्रिपमागचा गोंद सुटतो, म्हणून प्लास्टिकच्या क्लिपांनी ती धरून ठेवा.

स्ट्रिप वरून सिलिकॉनचा थर असलेली, आयपी65 किंवा त्याहून वरची घ्या. वायर क्लिप-कनेक्टरने जोडू नका, सोल्डर करा. वाफेत क्लिपचे पत्रे काही महिन्यांत हिरवे पडतात. जोडावर श्रिंक स्लीव्ह आणि त्यावर सिलिकॉन. इथे एक बारकावा आहे: काच चिकटवायचं जे सिलिकॉन असतं, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो, ते तांब्याला खातं. जोडावर बिनवासाचं, न्यूट्रल क्युअर लिहिलेलं वापरा. तांब्याचा हिरवा गंज पाण्यात ठिबकला तर कोळंबी आणि गोगलगायींसाठी तो विष आहे.

अडॅप्टरवर पैसे वाचवू नका. मीटरला 60 एलईडी असलेली 5050 प्रकारची स्ट्रिप साधारण 14.4 वॅट प्रति मीटर खाते. दोन फुटी टँकच्या झाकणात 55 सेंटिमीटर मावली तर 8 वॅट झाले. दोन ओळी लावल्या तर 16. 12 व्होल्ट, 2 अँपिअरचा अडॅप्टर 24 वॅटचा असतो, म्हणजे दोन ओळी चालवूनही तो दमणार नाही. त्यावर बीआयएसचं चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघून घ्या. सुटे, उघडे एलईडी ड्रायव्हर अगदी स्वस्त मिळतात. त्यातल्या काहींमध्ये आत ट्रान्सफॉर्मर नसतो, म्हणजे बाहेर येणारी वायर घरच्या लाइनपासून वेगळी केलेलीच नसते. व्होल्ट कमी दिसले तरी हात लावला तर झटका बसू शकतो. टँकसाठी तसला ड्रायव्हर नकोच.

अडॅप्टर टँकच्या बाजूला भिंतीवर लावा, खाली नाही. त्याच्याकडे जाणारी वायर आधी थोडी खाली लोंबू द्या आणि मग वर न्या. वायरवरून ओघळलेलं पाणी त्या खालच्या वळणावरून जमिनीवर पडतं, सॉकेटमध्ये जात नाही. घरच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर वायरमनकडून बसवून घ्या. हीटर आणि फिल्टर अजून 230 वरच चालतात, स्ट्रिप लावली म्हणून ते सुरक्षित झाले नाहीत. पाण्यात हात घालण्याआधी सगळे प्लग काढायची सवय तशीच राहू द्या.

किती उजेड हवा?

इथे बहुतेक जण जास्तीच्या बाजूला जातात. ट्यूबच्या जमान्यात वॅटवर हिशोब व्हायचा, एलईडीला तो लागू पडत नाही. लुमेन बघा. फक्त मासे असतील तर लिटरला 10 ते 15 लुमेन भरपूर, खरी झाडं असतील तर 20 ते 40. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये खडी वगळून साधारण 50 लिटर पाणी बसतं. वॅटला 80 लुमेन धरले तर 8 वॅटची एक ओळ 640 लुमेन देते. गप्पी, मॉली, गोल्डफिश असतील तर एक ओळ पुरे. ट्यूबचे आकडे मोठे दिसतात, पण तिचा निम्मा उजेड वर झाकणात जायचा. स्ट्रिपचा जवळजवळ सगळा खाली पडतो. रंग 6500 केल्विनच्या आसपासचा घ्या.

मोबाइलवर लक्स मोजायचं एखादं फुकट अ‍ॅप टाका. सामान काढायच्या आधी झाकण टेबलावर एक फूट उंच धरून खाली फोन ठेवा आणि आकडा लिहून ठेवा. काम झाल्यावर पुन्हा त्याच जागी मोजा. फोनचा सेन्सर अचूक नसतो, पण एकाच फोनवर आधी-नंतरची तुलना चालते. नवा आकडा दुप्पट आला तर एक ओळ बंद करा. नाहीतर दोन-तीन आठवड्यांत काचेवर हिरवं शेवाळ चढेल आणि दोष एलईडीला जाईल.

उलटंही होतं. मुळा धरणाचं नळाचं पाणी एक, आणि बोअरचं पाणी वेगळं. बोअरच्या पाण्याचे शिंतोडे सुकले की झाकणाखालच्या काचेवर पांढरा थर धरतो आणि उजेड तिथेच अडतो. ती काच बाहेर काढून पातळ व्हिनेगरने पुसा, स्वच्छ धुवा, मग परत ठेवा. स्ट्रिप कमजोर पडली असं वाटण्याआधी हे करून बघा.

सुरुवातीला दिवे रोज 6 तास ठेवा, शेवाळ नाही आलं तर 8 पर्यंत न्या. गोल चकतीचा टायमर स्वस्त आणि चांगला, पण लाइट गेली की त्याचं घड्याळही थांबतं. रोज दोन तास भारनियमन असलेल्या गावात आठवड्याभरात तो चौदा तास मागे पडतो आणि टँक रात्री उजळतो. तिथे स्मार्ट प्लग बरा. घेताना दोन गोष्टी तपासा: वेळापत्रक प्लगमध्येच साठतं की दर वेळी इंटरनेट लागतं, आणि लाइट परत आल्यावर तो कुठल्या स्थितीत येतो. ही दुसरी सेटिंग अ‍ॅपमध्ये बहुतेक आत कुठेतरी लपलेली असते. ती 'बंद' वर ठेवा.

काढलेली ट्यूब फोडू नका, आत पारा आहे. ती ई-कचऱ्यात मोडते. जुन्या खोक्यात नीट गुंडाळून ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे अख्खी द्या. चोक भंगारवाला आनंदाने नेतो, आत तांबं असतं.