एकच नाव, दोन आवृत्त्या

वाराणसीस शिंदे घाट आणि भोसले घाट यांच्या दरम्यान संकठा घाट आहे. मराठी यात्रेकरू गोकुळाष्टमीस तेथे स्नानाला उतरला, तर त्याच्या पंचांगाप्रमाणे तो दिवस श्रावण वद्य अष्टमीचा असतो. शेजारच्या पायरीवरील स्थानिक भाविकाच्या पंचांगात मात्र तीच तिथी भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणून छापलेली असते. महाराष्ट्रात महिना अमावास्येस संपतो, उत्तरेत पौर्णिमेस. त्यामुळे शुक्ल पक्षात दोघांचे महिने जुळतात आणि कृष्ण पक्षात नावे एका महिन्याने पुढेमागे होतात. गणित कोणाचेच चुकलेले नसते. परंतु ‘श्रावण वद्य दशमीस यावे’ असा निरोप पुण्याहून काशीस गेला, तर तेथील मनुष्य एक महिना आधीच येऊन पोचेल.

संगणकाच्या जगात असाच प्रसंग ‘पायथन’ या नावाने ओढवला. गीडो व्हान रॉसम यांनी 1991 साली प्रसिद्ध केलेल्या या आज्ञाभाषेची तिसरी आवृत्ती डिसेंबर 2008 मध्ये आली, आणि ती जाणूनबुजून दुसरीशी विसंगत ठेवण्यात आली होती. देवनागरी वाचकास त्याचे कारण सहज पटावे. ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली असता, तो यूटीएफ-8 या संकेतात साठवलेला असल्यास, दुसरी आवृत्ती 15 असे सांगे. कारण ती अक्षरे न मोजता साठवणुकीतील बाइट मोजत असे. तिसरी आवृत्ती 5 सांगते. स्वरचिन्हे तीही वेगळी मोजते, पण निदान लिपीची चिन्हे तरी मोजते. भागाकारातील बदल अधिक धोक्याचा होता. 7 भागिले 2 याचे उत्तर जुन्या आवृत्तीत 3 येई, नव्या आवृत्तीत 3.5 येते. चूक झाल्याची सूचना मिळत नाही; केवळ उत्तर बदलते.

लिनक्सचे वितरण म्हणजे मूळ प्रणाली आणि तिच्याबरोबर जुळवून दिलेली हजारो साधने. त्यात ‘पायथन’ ही आज्ञा बहुधा प्रत्यक्ष कार्यक्रम नसून एक दुवा असतो. आवृत्तीचा उल्लेख न करता नुसते नाव घेतले असता हा दुवा जिकडे नेईल, ती गृहीत आवृत्ती. दुवा बदलणे हे एका ओळीचे काम आहे, आणि नेमकी तीच त्यातील मेख होय. सेंटओएस 7 या वितरणात नवी साधने बसविणारा ‘यम’ हा कार्यक्रम स्वतःच पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत लिहिलेला होता. हौसेने दुवा तिसऱ्या आवृत्तीकडे वळविणाऱ्याचा ‘यम’ तत्काळ बंद पडे. म्हणजे दुरुस्तीचे साहित्य ज्या हत्याराने आणावयाचे, तेच मोडलेले!

वितरणकर्त्यांनी वेगवेगळे मार्ग धरले. आर्च लिनक्सने ऑक्टोबर 2010 मध्येच नुसते नाव तिसऱ्या आवृत्तीस देऊन टाकले. घाई झाली, असेच म्हणावे लागेल. कारण पायथनच्या चालकांनी 2011 साली काढलेल्या मार्गदर्शनात ते नाव तूर्त दुसऱ्या आवृत्तीकडेच ठेवावे असे सुचविले होते. फेडोराने हा बदल ऑक्टोबर 2019 मधील 31व्या आवृत्तीत केला. रेड हॅटने त्याच वर्षी आपल्या आठव्या एंटरप्राइज आवृत्तीत नुसते नाव कोणासच दिले नाही. निवड व्यवस्थापकाने करावी, असे ठरविले. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल 1 जानेवारी 2020 रोजी थांबली.

पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘फॉसी’ प्रकल्पाच्या एका पाठमालेच्या नावातच ‘पायथन 3.4.3’ असा उल्लेख आहे. यात्रेकरूने तिथीबरोबर पंचांगही सांगावे, तशीच ही रीत. कार्यक्रम लिहिणाऱ्याने पहिल्याच ओळीत आवृत्तीचा क्रमांक घातला, की गृहीत आवृत्ती कोणती हा प्रश्न त्याच्यापुरता मिटतो. निराळी आवृत्ती हवी असल्यास ती शेजारी बसवावी, आणि प्रत्येक कामासाठी स्वतंत्र आभासी परिसर निर्माण करावा. ही सोय पायथनमध्येच 2012 पासून आहे. प्रणालीच्या स्वतःच्या दुव्यास हात लावू नये.

ज्यांना जुन्या सवयीने नुसते ‘पायथन’ असेच लिहावयाचे आहे, त्यांच्यासाठी उबुंटूने एप्रिल 2020 च्या आवृत्तीत एक चिमुकले पुडके ठेवले. त्याचे नाव ‘पायथन-इज-पायथन3’, आणि त्याचे काम एवढेच की, तो एक दुवा जागेवर बसवावयाचा.