धोका टळला, पण उपचार संपले का?

औषधे अतिप्रमाणात घेतलेल्या रुग्णाची प्रकृती स्थिरावली की त्याला रुग्णालयातून घरी सोडण्यात येते. कुटुंबीय सुटकेचा निःश्वास टाकतात आणि झाल्या प्रकाराविषयी बोलणे टाळतात. मात्र रुग्णावर पुन्हा तीच वेळ येण्याचा धोका यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो.

त्यामुळे घरी सोडण्यापूर्वी मनोविकारतज्ज्ञाने रुग्णाशी एकांतात बोलणे आवश्यक मानले जाते. नैराश्य, व्यसन, कर्ज की घरातील छळ, हे कळल्याखेरीज पुढील उपचारांची दिशा ठरत नाही. ‘चुकून घेतल्या’ एवढी नोंद करून प्रकरण मिटविण्याची घाई रुग्णाच्या हिताची नसते.

घरी गेल्यानंतरचा संपर्क किती साधा असू शकतो, हे ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल येथील प्रयोगातून दिसले. तेथे अशा रुग्णांपैकी काहींना वर्षभरात आठ पोस्टकार्डे पाठविण्यात आली. मजकूर केवळ विचारपूस करणारा होता. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पुन्हा दाखल होणाऱ्या रुग्णांची संख्या फारशी घटली नाही. मात्र एकूण दाखल होण्याचे प्रसंग जवळपास निम्म्यावर आले. वारंवार येणाऱ्यांच्या फेऱ्या कमी झाल्या, असा याचा अर्थ.

जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतील पाच ठिकाणी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. एका गटाला घरी सोडताना तासभर समुपदेशन आणि नंतर 18 महिन्यांत नऊ वेळा संपर्क, एवढीच जोड देण्यात आली. त्या गटात आत्महत्येने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण 0.2 टक्के, तर नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात 2.2 टक्के होते.

आपल्याकडे पोलिसांच्या भीतीने अनेक कुटुंबे खरे कारण सांगत नाहीत. वास्तविक मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 115 नुसार, अन्यथा सिद्ध न झाल्यास, अशी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते. तिच्यावर खटला चालविता येत नाही. उलट, असा प्रसंग पुन्हा ओढवू नये यासाठी उपचार व पुनर्वसनाची जबाबदारी कायद्याने शासनावर टाकली आहे.

घरातील औषधे कुटुंबीयांपैकी एकाच्या ताब्यात ठेवावीत आणि डॉक्टरांकडून थोड्या दिवसांपुरतीच लिहून घ्यावीत. 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही समुपदेशकांशी बोलता येते.