चेतापेशी मंदावते कशी? कागदावर करून पाहा

१९२६ साली केंब्रिज येथे एडगर एड्रियन व इंग्वे झोटरमन यांनी बेडकाच्या एका स्नायूला लहानसे वजन टांगले. स्नायू ताणला जाताच ताणाची वर्दी देणाऱ्या चेतातंतूतून विद्युत आवेग धावू लागले. वजन वाढवले तरी आवेग मोठे होत नसत. ते अधिक दाटीने येत. पण वजन तसेच टांगून ठेवले, की थोड्याच वेळात आवेग विरळ होत. वजन तेच, मग वर्दी का मंदावावी?

स्नायूतील ग्राहकाच्या बाबतीत त्याच्या रचनेचाही यात वाटा असतो. पण मेंदूतील अनेक चेतापेशींना सतत सारखा विद्युतप्रवाह दिला, तरी त्यांचे आवेग असेच विरळ होत जातात. त्याचे कारण पेशीतच असते.

चेतापेशी हा एक हौद समजा. येणाऱ्या प्रवाहाने त्याची पातळी, म्हणजे पेशीचे विद्युत विभव, चढत जाते. उंबरठा गाठला की आवेग सुटतो आणि पातळी खाली येते. प्रत्येक आवेगाबरोबर थोडे कॅल्शियम पेशीत शिरते. त्यामुळे पोटॅशियमची काही दारे उघडतात व धनभारित पोटॅशियम आयन बाहेर पडू लागतात. जणू हौदाची मोरी किंचित उघडली. ही दारे सावकाश मिटतात. ती पुरती मिटण्याआधीच पुढचा आवेग सुटला, तर गळती साचत जाते.

आता कागद-पेन्सिल घ्या. सुरुवातीला पातळी ० व गळती ०. नियम तीनच :

(१) प्रत्येक टप्प्याला पातळीत ४० मिळवा व गळतीचा आकडा वजा करा.
(२) गळती शून्याहून अधिक असल्यास ती १ ने कमी करा.
(३) पातळी २०० किंवा अधिक झाली की आवेग सुटला. पातळी ० करा, गळती १० ने वाढवा.

पहिला आवेग ५ टप्प्यांनी सुटेल. आता गळती १०. म्हणून पातळी ३०, ६१, ९३ अशी चढेल व दुसरा आवेग ७ टप्प्यांनी येईल. असेच पुढे चला. आवेगांमधील अंतरे येतील ७, ७, ८, ८, ९, ९, १० आणि नंतर कायम १०. येणारा प्रवाह ४० च आहे, तरी आवेगांची गती निम्मी झाली!

आता तुम्ही म्हणाल, ही तर पेशीची दुर्बलता. तसे नाही. अंतर १० वर स्थिरावल्यावर, आवेग सुटताच ४० च्या जागी ६० मिळवू लागा. पुढचा आवेग ५ च टप्प्यांत येईल, म्हणजे गती एकदम दुप्पट! नंतरची अंतरे ६, ७ अशी पुन्हा वाढू लागतील. गळती अजिबात नसती तर? ४० ला अंतर ५ व ६० ला ४. फरक जेमतेम जाणवला असता. म्हणजे गळतीमुळे पेशी 'किती आहे' यापेक्षा 'काय बदलले' हे ठळकपणे सांगते.

आपले हे प्रतिरूप अगदी साधे आहे. खरी दारे अशी एकेक आकड्याने मिटत नाहीत. शिवाय काही चेतापेशी फारशा मंदावतही नाहीत. पण कागदावर आकडेमोड करण्यात कमीपणा मानू नका. १९५२ साली हॉजकिन व हक्स्ली यांनी माखली-वर्गातील स्क्विड या प्राण्याच्या जाड चेतातंतूवरून आवेगाची समीकरणे मांडली, तेव्हा हक्स्ली यांनी ती हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर सोडवली होती. या कार्याबद्दल दोघांना १९६३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

जाता जाता एक प्रश्न. प्रत्येक आवेगाला गळती १० ऐवजी ५ ने वाढवली, तर अंतर कितीवर स्थिरावेल? आधी अंदाज लिहून ठेवा, मग आकडेमोड करा.