घरातली चूल, पाण्याचा बंब आणि धुराडं: बसवताना काय बघायचं



आजचा संदेश पिकाचा नाही, घरातल्या जाळाचा आहे. थंडी वाढली आहे. शिवारात फिरताना घरोघरी तेच दिसतं: चहा-भाजी गॅसवर आणि भाकरी, आंघोळीचं पाणी, जनावरांचं आंबोण चुलीवर. नवीन घर बांधताना नकाशात चुलीला जागा नसते. मग राहायला आल्यावर ती जिन्याखाली नाहीतर गॅसच्या ओट्याशेजारी बसते. धोका तिथून सुरू होतो.

*सिलिंडर आणि चूल एका खोलीत नको.* स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर जात नाही, फरशीवरून पसरतो, आणि आपली चूल नेमकी फरशीवरच असते. "चूल पार त्या कोपऱ्यात आहे" असं कितीही म्हटलं तरी गॅस तिथपर्यंत जातो. चुलीसाठी पडवी, परसदार किंवा वेगळी खोली ठेवा. गॅसचा वास आला तर जाळ, बटण, मोबाईल कशालाही हात न लावता दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर या आणि तिथून १९०६ ला फोन करा. हा नंबर चोवीस तास चालू असतो.

*धुराडं.* सरकारने १९८३-८४ पासून सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला, तो २००२ पर्यंत चालला. देशभरात तीन कोटींहून जास्त चुली बसल्या. आपल्याकडच्याही जुन्या घरांत त्या चुलींचे सिमेंटचे पाईप अजून भिंतीत दिसतात, खाली चूल मात्र नाही. बऱ्याच ठिकाणी कारण साधं होतं. पाईप काजळीने बुजला, धूर घरात परतू लागला, आणि घरच्या बाईने वैतागून ती चूल फोडून पुन्हा तीन दगड मांडले. चूक तिची नव्हती. पाईप साफ कसा करायचा हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. म्हणून नवीन चूल बसवताना गवंड्याला पहिला प्रश्न हा विचारा: पाईप साफ करायला हात कुठून घालायचा? खालच्या वळणावर झाकण असलेलं तोंड ठेवायला लावा.

पाईप चार इंची घ्या, लोखंडी किंवा जाड जीआय पत्र्याचा. *पीव्हीसी पाईप अजिबात नको.* शेतात उरलेला तुकडा पडलेला असतो म्हणून तो लावलेला मी पाहिला आहे. तो आधी मऊ पडतो, मग जळतो, आणि त्याचा धूर घशाला आणि फुप्फुसाला जाळणारा असतो. पाईप शक्य तितका सरळ वर न्या. वळण द्यावंच लागलं तर काटकोनात नको, तिरकं द्या. आडवा पाईप लांब असेल तर धूर ओढला जात नाही.

उंचीसाठी अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा नियमांतला एक ठोकताळा आपल्यालाही चालतो. पाईप छपरातून बाहेर येतो तिथून किमान ३ फूट वर हवा. शिवाय १० फुटांच्या आत आढं, भिंत, पाण्याची टाकी असं जे काही उंच असेल त्यापेक्षा २ फूट वर हवा. आखूड पाईप ठेवला तर वाऱ्याच्या झोतासरशी धूर घरात उलटा येतो. वर टोपी लावा, पण टोपी आणि पाईप यांत धुराला जायला जागा ठेवा. घट्ट बसवलेली टोपी म्हणजे बुच.

तापलेला पाईप लाकडी वाशाला, बॅटनला किंवा वायरिंगला लागू देऊ नका. दीड फूट अंतर ठेवा. छपरात वासे किंवा पाचट असेल तर पाईप छपरातून नेऊच नका. विटांच्या भिंतीतून थोडा चढता बाहेर काढा आणि वळचणीपासून लांब ठेवून मग वर न्या. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरा. असा पत्रा कोरडा कापू किंवा घासू नका, त्याची धूळ फुप्फुसात बसते. तिथेही भिंतीतून काढलेला पाईपच बरा.

*न्हाणीघरातला बंब.* या संदेशातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही. बंबाच्या मधल्या नळीतून धूर वर येतो, पण बहुतेक घरांत तो खोलीतच सुटतो. धुराचा त्रास तरी कळतो. लालबुंद निखारे धुराशिवाय जळतात, तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात, आणि माणूस दार उघडायला उठू शकत नाही. बंब बाहेर पेटवा आणि तापलेलं पाणी बादलीने आत न्या. आतच ठेवायचा असेल तर नळीला पाईप जोडून छपराबाहेर काढा, शिवाय वर आणि खाली झडप नसलेला झरोका ठेवा. थंडीत ऊब यावी म्हणून निखाऱ्यांची शेगडी झोपायच्या खोलीत ठेवतात, तीही बंद करा. बाळंतिणीच्या खोलीत तर नकोच, आजी कितीही आग्रह करू दे. कुणाला चक्कर आली तर आधी मोकळ्या हवेत आणा, मग १०८.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या इंधनाच्या धुराने जगात सुमारे ३२ लाख लोक दगावले. जी माणसं चुलीपुढे जास्त वेळ बसतात त्यांना जास्त धूर लागतो, म्हणजे आपल्या आया-बहिणींना आणि त्यांच्या कडेवरच्या पोरांना. पाईपचा खर्च काढताना हे धरा.

तयार चूल विकत घेत असाल तर आयएसआय चिन्ह बघा. हलवता येणाऱ्या चुलींसाठी आयएस १३१५२ हे मानक आहे. त्यात साध्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची ३५ टक्के मागितली आहे. बाजारात "निम्मं लाकूड वाचतं" असं सांगणारे भेटतील, त्यांना चिन्ह दाखवायला सांगा.

*जळण आणि कायदा.* स्वतःच्या घरात स्वयंपाकाची चूल ठेवायला वेगळा परवाना लागत नाही. लाकडाचं मात्र तसं नाही. बांधावरचं झाड आपलंच असलं तरी आंबा, चिंच, जांभूळ, फणस, साग, हिरडा ही झाडं १९६४ च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. परवानगीशिवाय तोडू नका. बाभूळ, सुबाभूळ त्या यादीत नाहीत. नगरपरिषद हद्दीत राहणाऱ्यांना १९७५ चा नागरी क्षेत्राचा झाडांचा कायदा लागू आहे, तिथे कुऱ्हाड लावण्याआधी नगरपरिषदेत विचारा. आणि निष्काळजीपणाने लावलेल्या जाळाने दुसऱ्याच्या जिवाला धोका झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८७ आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. धुराड्याचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे ठेवू नका, हे कायद्याआधी शेजारधर्मासाठी.

लाकूड वाळलेलंच वापरा. एक उन्हाळा खाल्लेलं लाकूड चांगलं. ओल्या लाकडाने पाईपच्या आत डांबरासारखा काळा थर बसतो आणि एखाद्या दिवशी तोच पेट घेतो. रोज जाळ असेल तर महिन्यातून एकदा, चूल पूर्ण थंड असताना, बांबूला पोत्याचं फडकं किंवा तारेचा ब्रश बांधून पाईप झाडा. पेटवणासाठी ठिबकच्या नळ्या, मल्चिंग पेपर, खताच्या पिशव्या आणि औषधाचे डबे नकोत. तो धूर भाकरीवर बसतो. तुरकाट्या आणि मक्याची बुरकुंडं चांगली. पाचट जळणाला नको, ते सरीत राहू द्या.

राखेत निखारा रात्रभर जिवंत राहतो. राख लोखंडी घमेल्यात काढा, पाणी मारा. कडब्याची गंज, गोठा आणि उकिरडा यांच्यापासून लांब ठेवा. गार झालेली राख शेतात टाकताना एक लक्षात घ्या: राख अल्कधर्मी असते, आणि आपल्या नदीकाठच्या बऱ्याच काळ्या जमिनींचा सामू आधीच आठच्या पुढे आहे. चोपण तुकड्यावर राख नको. कंपोस्टमध्ये थोडी थोडी चालेल.

ज्यांच्या रानात तोडकऱ्यांच्या कोप्या आहेत त्यांनी एक काम आजच करा. कोप्या पाचटाच्या असतात आणि चूल दाराशीच असते. चुली एका बाजूला, वारा कोप्यांकडून चुलींकडे जाईल अशा दिशेला मांडायला सांगा, तीन बाजूंनी विटा लावून द्या, आणि पाण्याचं एक भरलेलं बॅरल तिथे ठेवा. ते लोक दिवसभर उसात असतात आणि लहान मुलं कोपीवर एकटी असतात.

चूल बसवायची असेल तर जागेचा आणि छपराचा फोटो ग्रुपवर न टाकता कंपनीच्या सल्ला नंबरवर पाठवा, पाईप कुठून काढायचा ते सांगतो. हरभऱ्यावरच्या घाटेअळीचा संदेश उद्या सकाळी येईल.

— कृषी सल्लागार, इस्लामपूर